दिनकरचे नवे बूट

१९६३च्या जानेवारीत जर्मनीतल्या आखन शहराजवळचं तळं गोठलं आणि प्राध्यापकांनी आपल्या दोन्ही मराठी विद्यार्थ्यांना बर्फावरच्या मासेमारीला बोलावलं. दिनकरला यशवंतचा आधीच हेवा वाटे. प्राध्यापक नेहमी त्याचंच काम आधी वाचत. निदान रुबाबात वरचढ ठरावं म्हणून दिनकरने पायाला घट्ट बसणारे चामडी बूट घेतले. यशवंतने घरमालकिणीकडून जाड लोकरी नमद्याचे जुने, ढगळ बूट मागून आणले आणि आत मोज्यांचे दोन जोड चढवले.

"सर्कशीत निघालास का?" दिनकरने विचारलं.

"बूट सैल असले की ऊब टिकते, असं त्या म्हणाल्या," यशवंत म्हणाला.

बर्फात पाडलेल्या भोकाशी तासभर बसल्यावर दिनकरच्या पायांची बोटं बधिर झाली. यशवंतने आपल्या मोज्यांचा वरचा जोड काढून दिला, पण त्या घट्ट बुटांत तो मावेना. शेवटी दिनकर गाडीत जाऊन बसला. काचेतून त्याला दिसलं, यशवंतच्या गळाला मासा लागला होता आणि प्राध्यापक त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत होते.

परतताना यशवंतने मासा दिनकरपुढे धरला. "तूच घे, कालवण छान करतोस."

कालवण खरंच छान झालं. दिनकरला मात्र एक घासही गोड लागला नाही.