पाठीवरची इस्त्री

गंगापूर रोडला आमच्या सोसायटीच्या गेटशी इस्त्रीची गाडी लावणारे काका इस्त्री फिरत असते तोवरच बोलतात. ती उचलली की गप्प. मॅनेजमेंटच्या प्रवेशाच्या मुलाखतीसाठी मी शर्ट घेऊन गेले, तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, हाच कोर्स का?"

क्लासमध्ये घोटून घेतलेलं उत्तर मी हसऱ्या चेहऱ्याने म्हणून दाखवलं. लहानपणापासून नेतृत्वाची आवड वगैरे.

"बी विंगचा पोरगा पण हेच बोलला. चौथ्या मजल्यावरची पोरगी पण. लय आवड हाय आपल्या सोसायटीला."

इस्त्री उचलून ते निखारे फुंकत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी शर्ट उलटा केला आणि समोरच्या बाजूपेक्षा जास्त वेळ पाठीवर घालवला. मी म्हटलं, "काका, ती बाजू खुर्चीला टेकणार. कोण बघतंय?"

"आत जाताना समदेच ताठ असतात, ताई. निघताना मुलाखतवाल्यांना पाठच दिसती."

मुलाखतीत तिसऱ्याच प्रश्नाला माझी दांडी गुल झाली. नेतृत्वाची आवड कुणी विचारलीच नाही. दाराकडे निघाले तेव्हा एवढंच समाधान होतं, की अख्खा वेळ मी पाठ खुर्चीला टेकू दिली नव्हती.