लेबलं मी दिली होती

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही—नवऱ्यापाशीही नाही. तुम्हाला का सांगतेय, मलाही नीट कळत नाही.

दोन हजार पाच-सहाचा काळ. राहनाळच्या एका गोदामात मी पॅकिंगची सुपरवायझर होते. हाताखाली चौदा बायका. मी त्यांच्यातच डबा खायचे. "चूक झाली तर लपवू नका, वर मी बघेन," म्हणायचे. त्यांना ते खरं वाटायचं. मलाही. मालाची गाडी अडली तर न सांगता जास्त वेळ थांबायच्या, खोक्याचा कोपरा दबलेला दिसला तरी आणून दाखवायच्या.

एक दिवस औषधांची खोकी भलत्याच गावी गेली. लेबलांचे गठ्ठे माझ्याच हातून अदलाबदल झाले होते. कमळने विचारलंही होतं, "ताई, ही बरोबर हायत ना?" मी घाईत होते. न बघताच म्हटलं, "लाव गं."

शेठ तणतणत आले. सगळ्यांसमोर विचारलं, "कुणी केलं हे?"

'मी'—एवढाच तर शब्द. नाही निघाला. मी म्हणाले काय? "लेबलं कमळने लावली." खोटं होतं का ते? शब्दाने नव्हतं.

कमळने माझ्याकडे पाहिलं. मग शेठना म्हणाली, "माजीच चूक झाली." तिला वाटलं असणार—ताई मागाहून सांभाळून घेतील. त्याच दुपारी तिला काढलं. मी केबिनच्या दारापर्यंत गेले—दोनदा—आणि परत फिरले.

बायका भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर! सांगितलं तेवढंच करायच्या, वेळ झाली की हात थांबायचे. मी 'मॅडम' झाले. महिन्याभराने पुन्हा चुकीची लेबलं लागली. "दिसलं नाही तुम्हाला?" मी ओरडले. सगळ्यांत वयस्कर सुनंदा शांतपणे म्हणाली, "दिसलं व्हतं, मॅडम. तुमी दिली, आमी लावली."



दोनेक वर्षांनी कमळ भेटली, अकलोलीला, गरम पाण्याच्या कुंडाशी. काम पुन्हा मिळालं नव्हतं. राग नव्हता—तेच सोसवेना. जाता जाता तिने विचारलं, "ताई, मागनं शेटला सांगितलं ना तुमी? माजी चूक नव्हती म्हून?"

"हो," मी म्हटलं. "सांगितलं."

तिचा चेहरा उजळला. "मला ठावं व्हतं," ती म्हणाली.