खंडाने न दिलेलं शेत

लग्नानंतर मी कलकत्त्याला निघाले, तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, मनमाडपर्यंत पोचवायला आले होते. मेल हलली तशी खिडकीबरोबर चालत म्हणाले, "पोरी, कारखान्यानं काल धोंडीबाचंही रान खंडानं घेतलं. आता मधी आपलंच ऱ्हायलं." लेक परमुलखाला चालली आणि यांना रानाची काळजी! मला रागच आला.

साखर कारखाना आमच्या गावात एकेकाचं रान वर्षाच्या भाड्याने, म्हणजे खंडाने, घेत सुटला होता. बांध मोडले, झाडं तोडली, नजर पोचेल तिथवर एकच ऊस. ज्यांची जमीन, तेच तिथे रोजाने खुरपायला. आमचं नऊ एकर तेवढं ज्वारीचं राहिलं.

इकडे बालीगंजच्या भाड्याच्या दोन खोल्यांत मी बंगाली शिकले, माशांच्या वासालाही सरावले. यांची नोकरी गार्डन रीचला, रेल्वेच्या कचेरीत. एका उन्हाळ्यात धाकटा भाऊ वसंत दारात उभा राहिला. दादा थकले होते. रान कारखान्याला द्यायचं वसंताच्या मनात होतं, पण दादांनी बजावलं होतं, आधी ताईला विचार. मी साफ नको म्हटलं. तो उसळला.

"पंख्याखाली बसून नको म्हणायला काय जातंय? पेरताना पाभरीच्या चाड्यावर मूठ धरून बी कोण सोडणार? भावोजी?"

यांनी हळूच वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. वसंत खरं बोलला होता, म्हणून जास्त झोंबलं.

"मी सोडीन," मी म्हटलं. "दर वर्षी येईन."

तेव्हापासून दुर्गापूजेच्या सुट्टीत सगळं कलकत्ता नवे कपडे घालून मांडवांत फिरतं आणि मी पोरं घेऊन हावडा गाठते. शेजारच्या बौदी, म्हणजे वहिनी, कपाळाला हात लावतात, "पूजो फेले केउ जाय!" जातं बाई, पूजा सोडून आम्ही जातो! पाभरीमागे चालून पाय भरून येतात, पण माझ्या मुठीतून बी कसं सारखं पडतं, ते गावात कुणालाही विचारा. वसंतही आता कारखान्याचं नाव काढत नाही.

दुपारी उसातले खुरपणारे भाकरी खायला आमच्या बांधावरच्या जांभळीखाली येतात. दुसरी सावलीच उरलेली नाही. गेल्या खेपेला धोंडीबाकाका आले होते. माझ्या मुलीने मोडक्यातोडक्या मराठीत त्यांना विचारलं, "आजोबा, तुमचं शेत कुठे आहे?"

काका उठले. उसाकडे हात केला, मग जरा उजवीकडे, मग डावीकडे. शेवटी हात खाली घेतला.

"आसंल हितंच कुठंतरी."

पोर बांधावर चढली आणि बोट फिरवून ओरडली, "आमचं इथून तिथपर्यंत!" काकांच्या मनाला लागेल, म्हणून मी तिला दटावलं. पण गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, खरं सांगते, ऊर भरून आला होता. भाड्याच्या खोल्यांत मी सुखात आहे, कलकत्ताही आता माझंच आहे. तरी त्या कलकत्त्यात जन्मलेल्या माझ्या लेकीला गावाकडचं शेत बोटाने दाखवता येतं, आणि उभा जन्म तिथे काढलेल्या काकांना स्वतःचं दाखवता आलं नाही.