कोयना एक्सप्रेसनं विलायत बघायला

परदेशातलं विद्यापीठ निवडायला परदेशात जावं लागत नाही. कोल्हापुरातून सकाळची कोयना धरली तरी भागतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत सहा महिने डोळे फोडले नसते. निदान तुमचे तरी वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

२००६ चा फेब्रुवारी. एम. ए. झालेलं, कामगारांच्या इतिहासावर पुढं शिकायचं ठरलेलं, आणि हातात दोन विद्यापीठांची प्रवेशपत्रं. एक लंडनचं. दुसरं स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका गावाचं, जे नकाशात शोधायला मला भिंग लागलं. सरकारी शिष्यवृत्तीच्या अर्जात नाव एकाच विद्यापीठाचं टाकायचं होतं, आणि मुदत बुधवारपर्यंत होती. यात निवडायचं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते. आमच्या घरातल्या फोटोत निळ्या कोटातला जो माणूस आहे, तो लंडनला शिकला. आमच्या वस्तीत लंडन हे नुसतं शहर नाही. मी तर वक्तृत्व स्पर्धांत टेबलावर मूठ आपटून सांगत आले होते: "ज्या वाटेनं ते गेले, त्याच वाटेनं आम्ही जाणार!" टाळ्या पडायच्या.

पण दोन्ही पत्रांत एक घोळ होता. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. कॅफेत मिनिटं पळत होती, शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, "मार्कशीटवर हाय तस्संच भर की, उगं डोकं लावू नगंस." भरलं. पहिलं नाव कांबळे, मधलं सुजाता, आणि लास्ट नेम, म्हणजे शेवटचं नाव, दगडू. दगडू हे माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, नाव. पत्रं आली ती 'प्रिय मिस दगडू' अशी. जातीच्या दाखल्यावर आडनाव कांबळे, प्रवेशपत्रावर दगडू. असा अर्ज पहिल्याच टेबलावर परत येतो.

ती पत्रं मी चार दिवस आबांना दाखवली नाहीत. का, ते पुढं सांगते.

मग कळलं की मुंबईत समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात शनिवारी परदेशी विद्यापीठांचं प्रदर्शन आहे आणि माझ्या दोन्ही विद्यापीठांची माणसं तिथं येणार आहेत. नाव तिथंच दुरुस्त करून घ्यायचं ठरवलं. आबा साखर कारखान्यात बॉयलरवर असतात, गळीत हंगामात सुट्टी मिळणं कठीण. तरी त्यांनी तीन पाळ्या बदलून घेतल्या. "पोरीचं एवढं ठरतंय, आनि मी हितं भट्टी बघत बसू व्हय?"

शुक्रवारी वारणानगरहून पहिल्या एसटीनं कोल्हापूर, तिथून कोयना. जाणार असाल तर तासभर आधी पोचा, जनरलच्या डब्यात खिडकी मिळते. तिकीट दोघांचं मिळून अडीचशेच्या आत. आईनं ज्वारीच्या भाकरी, खर्डा आणि दही बांधून दिलं होतं. दही कराडच्या आधी संपवा, पुढं ते आंबतं.

जयसिंगपूरला समोरच्या बाकावर कुरुंदवाडचे एक म्हातारे चढले. टोपी सारखी करून त्यांनी चौकशी सुरू केली.

"पावणं, कुठं निघालासा?"

"पोरीचं विद्यापीठ बघाय," आबा म्हणाले.

"मुंबैत हाय व्हय?"

"न्हाय. विलायतेत."

म्हातारे जरा थांबले. "मग मुंबैला कशापायी?"

"विद्यापीठंच आल्यात मुंबैला. टेबल मांडून बसत्यात. आपन जायचं, इचारायचं."

"म्हंजे पोरगी बसनार खुर्चीत, आनि स्थळं येनार दाखवून घ्याय?" म्हातारे मांडीवर थाप मारून हसले. "आमच्या टायमाला उलटं हुतं की हो! किती स्थळं हायती?"

"दोन."

"नीट इचारून घ्या. पानी कसं हाय, शेजार कसा हाय. नुसत्या नावावर जाऊ नगा."

सगळा डबा हसला. मीही हसले. त्या म्हाताऱ्यानं विद्यापीठ निवडायचा सगळा शहाणपणा एका वाक्यात सांगितलाय, हे तेव्हा मला कुठं कळलं होतं!

साताऱ्याला चहा, पुण्याला गर्दी, घाटात बोगदे, कर्जतला गरम वडा (खाच). दिवे लागल्यावर दादर. चेंबूरला आबांच्या चुलतभावाकडं मुक्काम, दोन खोल्यांत सात माणसं आणि आम्ही. काकूंनी जागा कशी केली ते त्याच जाणोत, पण झोप छान लागली.

शनिवारी सकाळी लाल बसनं समुद्राकडं. आबांनी समुद्र आधी कधी पाहिला नव्हता. बावन्न वर्षांचा माणूस कठड्याशी जाऊन उभा राहिला. मी समुद्रावर निबंध लिहून बक्षिसं मिळवली आहेत, पण त्यांच्या शेजारी उभी राहिले तेव्हा ते निबंध खोटे वाटले. पाणी येत होतं, दगडांवर फुटत होतं, परत जात होतं. शेवटी आबा म्हणाले, "ह्येला कुनी धरन बांधलं न्हाय. मोकळंच हाय समदं." मग जरा वेळानं, "ह्येच्या पल्याड जानार व्हय तू?" मी मान हलवली. 

हॉटेलच्या दारात पांढऱ्या पोशाखातल्या पहारेकऱ्यानं मला आत सोडलं आणि आबांपुढं हात आडवा केला. "काका, ड्रायव्हर लोकांनी तिकडं मागं थांबायचं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोणत्या कायद्यानं, कोणत्या अधिकारानं, चपला बघून माणूस ठरवता का, असं सगळं भाषण ओठावर आलं. मी तोंड उघडणार तोच आबा शांतपणे म्हणाले, "ड्रायव्हर न्हाय. बाप हाय."

हात खाली आला. तो माणूस ओशाळून "या की काका, या" म्हणाला. दहा वर्षं मी व्यासपीठावर ओरडते आहे. इतकं नेमकं मला एकदाही बोलता आलेलं नाही.

आतला दिवाणखाना आमच्या गावच्या मैदानाएवढा. छताला काचेची झुंबरं, पायाखाली गालिचा, त्यावर आबा चिखलातून चालल्यासारखे जपून पाय टाकत होते. साठेक टेबलं, मागं मोठमोठे फोटो. एका फोटोपुढं मी थबकलेच. तीन मजली वाचनालय, वरपासून खालपर्यंत काच, आणि काचेतून दिसणारी पुस्तकांची ओळ न् ओळ. कुलूप नाही, जाळी नाही. मी ज्या वाचनालयात वाढले तिथं कार्डावर दोन पुस्तकं, तिसऱ्यासाठी कारकुनाच्या मिनतवाऱ्या. खाली विद्यापीठाचं नाव वाचलं. माझंच, उत्तरेकडचं.

पण आधी लंडन. रांग दाराबाहेर गेलेली. तासाभरानं नंबर लागला. टायवाला तरुण, सभ्य, वेगवान. मी घोळ सांगितला. त्यानं संगणकावर दोन कळा दाबल्या, मिस कांबळे असं नवं पत्र छापलं, शिक्का मारला. दोन मिनिटं. "अजून काही?" मी विचारायची म्हणून सोळा प्रश्न लिहून आणले होते. तो माझ्या खांद्यावरून पुढच्या मुलाकडं बघत होता. मी "थँक यू" म्हटलं. त्याचं चुकलं काहीच नाही. काम चोख झालं. मग मला एवढं रितं का वाटत होतं?

"स्थळ तालेवार हाय," आबा म्हणाले. "पर बोलत न्हाय."

उत्तरेच्या टेबलावर रांग नव्हती. पन्नाशीच्या एक प्राध्यापक बाई, केस पांढरे, गालांवर ऊन लागल्यासारखी लाली. त्यांनी आधी आबांना खुर्ची दिली. मी पुन्हा घोळ सांगितला, माफी मागितली. त्यांनी पत्र वाचलं आणि विचारलं, "यात चूक कोणती?"

"दगडू आडनाव नाही. ते वडिलांचं नाव आहे."

त्या हसल्या आणि छातीवरची पट्टी पुढं केली. लांबलचक नाव, शेवटी 'डॉटिर'. "मी आइसलंडची. आमच्याकडं बहुतेकांना आडनावच नसतं. वडिलांचं नाव, आणि पुढं 'मुलगी' हा शब्द. तुमच्या पत्रावर आहे तेच माझ्या पासपोर्टवर आहे. मला ही चूक वाटलीच नाही." मग आबांकडं वळून, "दगडू म्हणजे काय?"

आता ते सांगते, जे मघाशी टाळलं. पहिल्याच मोठ्या स्पर्धेत सूत्रसंचालकांनी पुकारलं होतं, "कांबळे सुजाता दगडू." आणि सभागृह खदखदलं. कांबळे या नावाला कुणी हसलं असतं तर मी रान पेटवलं असतं. त्या नावाचा मला अभिमान होता, आहे. पण दगडू? त्या दिवसापासून मी सगळीकडं 'सुजाता डी. कांबळे' लिहू लागले. आबांच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून आजीनं यमाला नको वाटावं असं नाव ठेवलं होतं. हे ठाऊक असूनही, समतेवर गरजणाऱ्या या मुलीनं बापाला एका अक्षरात कोंडलं आणि वर टिंब ठेवलं. आबांनी माझी सगळी प्रशस्तिपत्रकं भिंतीला लावली. त्या टिंबाबद्दल एकदाही विचारलं नाही.

"सांग की," आबा म्हणाले. "त्या काय इचारत्यात?"

"नावाचा अर्थ विचारतायत."

"मग सांग. लाजतीस कशाला?"

मी सांगितलं. दगड. बाईंनी फोटोंचा गठ्ठा काढला. राखाडी घरं, राखाडी चर्च, राखाडी रस्ते, पाऊस पडून गेल्यावर ऊन आलं की चांदीसारखे चमकणारे. "आमचं सगळं गाव ग्रॅनाइटचं आहे, मिस्टर दगडू," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव तिथं सगळ्यांना पटेल."

कारखान्यात त्यांना 'ए कांबळे' म्हणतात. घरात आबा. 'मिस्टर दगडू' अशी हाक त्यांना बावन्न वर्षांत कुणी मारली नव्हती. आबांनी खुर्चीत पाठ ताठ केली आणि मुलीच्या बापानं विचारायचे प्रश्न एकेक काढले, मी भाषांतर करत होते.

"थंडी किती?" पुष्कळ. "शेजार कसा?" वसतिगृहात अकरा देशांच्या मुली. "पोरगी आजारी पडली तर हाक कुनाला मारायची?" बाईंनी कागदावर स्वतःच्या घरचा नंबर लिहिला. "आनि पुस्तकं?"

"एका वेळी चाळीस नेता येतात," बाई म्हणाल्या.

मी आकडा पुन्हा विचारून घेतला. आबांनी कोपरानं ढोसलं तेव्हा सांगितलं.

"चाळीस?" आबा विचारात पडले. "ही उचलनार कशी?"

मग माझे सोळा प्रश्न. बाईंनी सोळाही ऐकले, तीन प्रश्नांची उत्तरं "मला माहीत नाही, विचारून कळवते" अशी दिली. "पत्रावर कोणतं नाव घालू?" त्यांनी शेवटी विचारलं. दाखल्याशी जुळायला हवं, म्हणून मी कांबळे सांगितलं. त्यांनी नवं पत्र छापलं आणि जुनं फाडायला हातात घेतलं.

"ऱ्हाऊ द्या की," आबा मराठीतच म्हणाले आणि हात पुढं केला. बाईंना भाषा कळली नाही, हात कळला. 'प्रिय मिस दगडू' आबांच्या खिशात गेलं.

रविवारी परतीची कोयना. घाट चढून गाडी सपाटीला लागली तरी दोन्ही पत्रं माझ्या मांडीवरच होती. लंडन सोडणं म्हणजे त्या फोटोकडं पाठ फिरवणं का? कराडपर्यंत मी स्वतःशीच भांडत होते. शेवटी आबांना विचारलं.

"त्येंनी सांगितलं ते शिक म्हून," आबा म्हणाले. "कुठल्या गल्लीत, ते सांगितलं न्हवतं."

सोमवारी आबा पहिल्या पाळीला गेले, पत्र घेऊन. येताना ते प्लॅस्टिकमध्ये मढवून आणलं होतं. बॉयलरवरच्या मंडळींनी ते मोठ्यानं वाचलं होतं म्हणे, आणि दिवसभर चेष्टा चालली: "काय मिस दगडू, आज च्या पाजनार का न्हाय?" आबांनी सगळ्यांना चहा पाजला. आता ते पत्र माझ्या प्रशस्तिपत्रकांच्या ओळीत, निळ्या कोटाच्या फोटोखाली लावलं आहे.

अशा प्रदर्शनाला जाणार असाल तर गुणपत्रिकेच्या दोन प्रती न्या, प्रश्न लिहून न्या, आणि ज्याला तुमची खरी काळजी आहे असं एक माणूस बरोबर न्या. नावं बघू नका. कोण बोलतंय आणि कोण ऐकतंय, ते बघा. म्हणूनच मी दोन्ही विद्यापीठांची नावं इथं लिहिलेली नाहीत.

मंगळवारी सकाळी अर्ज भरायला बसले. आबा समोर चहा घेत होते. विद्यापीठाच्या रकान्यात ग्रॅनाइटच्या गावाचं नाव लिहिलं. आडनाव कांबळे. पहिलं नाव सुजाता. मधल्या नावाच्या चौकटीत सवयीनं इंग्रजी डी उमटला आणि पेन टिंब द्यायला खाली आलं.

टिंब दिलं नाही. पुढची पाच अक्षरं लिहिली.