भूगोलबाईंचं ऊन

नव्या गावात पाऊल टाकलं की लोक देऊळ विचारतात, नाहीतर मिसळ कुठे चांगली मिळते ते. आमच्या शाळेच्या भूगोलबाई आधी दोरीवरचे कपडे बघायच्या. सहलीला एका डोंगरावरच्या गावी गेलो होतो (नाव सांगत नाही, गर्दी आधीच पुरेशी आहे). आम्ही सगळ्या दरीच्या कठड्याशी फोटो काढतोय आणि बाई बाजारामागच्या आळीत कोणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीला हात लावून उभ्या! "दरी पाहुण्यांची, ऊन घरच्यांचं," म्हणाल्या. "दूधवाला बारा महिने जिथे जातो ना मराठीबाई, ती खरी वस्ती."

मराठीबाई म्हणजे मी. खडकीच्या शाळेत आम्ही दोघींनी बावीस वर्षं एका टेबलाशी डबा खाल्ला आणि बावीस वर्षं मी त्यांच्यावर जळले. खोटं कशाला बोलू? माझ्या कवितेला जांभया देणारा वर्ग त्यांच्या तासाला माना वर करून बसायचा. तेही एक वेळ सोसलं असतं. पण आमचे हेसुद्धा! माझ्या पोह्यांना जन्मात "बरे आहेत"च्या पुढे न गेलेला हा माणूस बाईंचं बोलणं ऐकून म्हणायचा, "याला म्हणतात अभ्यास!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

ह्यांना दमा. पुण्याची धूळ सोसवेना, म्हणून निवृत्तीनंतर सहलीच्या त्याच गावात घर घ्यायचं ठरलं. घरं बघायला ह्यांनी बाईंनाही बरोबर घेतलं. मला दरीकाठचं एक घर फार आवडलं, खिडकीभर दरी. बाई आत न येता मागे गेल्या आणि भिंतीवरच्या शेवाळाला नख लावून आल्या. "डोंगराची सावली इथून दुपारपर्यंत हलत नाही. शेजारची घरं बघा, सगळी कुलूपबंद. ह्यांच्या छातीला झेपायचं नाही."

"तुमचा भूगोल शाळेत ठेवा," मी म्हणाले. घर मीच हट्टानं घ्यायला लावलं.

पहिल्याच पावसाळ्यात गाद्यांना बुरशी आली. ह्यांना चार पायऱ्या चढवेनात, बोलताना धाप लागायची. बाई भेटायला आल्या, गादीवर तळहात दाबून बघितला आणि पर्समधून एक किल्ली काढली. बाजारामागच्या त्याच आळीत त्यांनी स्वतःसाठी दोन खोल्या घेऊन ठेवल्या होत्या, म्हातारपणी राहायला. मला पत्ताच नव्हता!

"आजच सामान हलवा."

"अहो, पण तुम्ही?"

"मला कुठे दमा आहे? मला पुण्यातली टेकडी पुरते."

त्या खोल्यांत ह्यांचा श्वास महिन्या-दोन महिन्यांत सुधारला. मग येता-जाता "बाईंमुळे, बरं का!" सुरू झालं. आभार मानायचे सोडून माझा जळफळाटच वाढला. बाई रोज साडेअकराला पुण्याहून फोन करून विचारायच्या, "कपडे वाळले का?" कडकडीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत मी सांगायचे, "कुठले! ओलेच आहेत."

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन दवाखान्यातून आला. आवाज अगदी खोल गेलेला. "वाळले का?"

जिभेला सवयच लागलेली. "नाही."

त्या हसल्या. "रोज खोटं बोलता. त्या अंगणात नऊलाच ऊन येतं." तो त्यांचा शेवटचा फोन.

हे आता रोज चढावर फिरून येतात. साडेअकराला मी दोरीवरचा ह्यांचा सदरा काढते. तो वाळलेला असतो आणि "हो बाई, वाळले" हे सांगायला कोणी नसतं.