सरायीचं लॉज होताना

एकाच घरावर वर्षानुवर्षं हातोडा चालला की किस्से साचतातच. मी सुतार. शहापूरच्या किसनजींच्या सरायीचं एकेक दार मीच बसवलं, मीच उखडलं! कवेलूचं छप्पर, पुढे लांब ओसरी, अंगणात धानाच्या बैलगाड्या. हायवेवर ट्रक वाढले, गाड्या घटल्या आणि किसनजींच्या जिवाला घोर लागला. "लॉज नाही केलं, तं इथं कोन थांबन?" हा माणूस कधी स्वस्थ बसलाच नाही.

*

आधी ओसरीच्या खोल्या केल्या. गाडीवाले अडून बसले. "आत झोपलो, तं बैलं कोन पाहीन?" मग गवंड्याने खिडक्या खाटेच्या उंचीला घेतल्या. पडल्यापडल्या बैल दिसावा!

नागपूरचे एक साहेब पहाटे ओरडतच बाहेर आले. बैलाने खिडकीतून तोंड घालून त्यांची धानाच्या तणसाची गादी फाडली होती. गाडीवाला म्हणाला, "साहेब, तुमीच त्याच्या चाऱ्यावर झोपले!"

*

कवेलू उतरवून स्लॅब टाकला. उन्हाळ्यात खोल्यांची भट्टी झाली, गिऱ्हाइकं खाटा घेऊन नव्या जिन्याने गच्चीवर. खोलीचं भाडं कोण देणार? किसनजी म्हणाले, "जिना काढून टाक."

"अजी, कालच तं लावला!"

"म्हनूनच तं सांगून राहिलो!"

*

मग एक खोली 'अटॅच' झाली. पवनीकडचे एक पाव्हणे संडास पाहून "छ्या! झोपाच्या खोलीत?" म्हणत लोटा घेऊन शेताकडे गेले. मी बाथरूमचं दार उघडलं, तर आत त्यांची धानाची पोती! परत आल्यावर मलाच म्हणतात, "एवढी कोरडी जागा वाया काहून घालवता?"

*

शेवटी काउंटर आला, पाटी लागली. सरायीची एक रीत होती. दोन्ही वेळा चूल विझवण्याआधी घरच्या बाईने रस्त्यावर येऊन हाक द्यायची, "कोनी उपाशी हाये काऽऽ?" मगच तिने जेवायचं. किसनजींच्या बायकोने, शेवंताबाईंनी, ती कधी चुकवली नव्हती. उद्घाटनाच्या दिवशी मात्र किसनजी म्हणाले, "लॉजवर अशी बोंब मारते का कोनी? बंद कर ते!" बाई स्वयंपाकघरात निघून गेल्या.

दिवसभर ट्रक गेले. एकही थांबला नाही. किसनजी काउंटरपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते. मला फार वाईट वाटलं. या माणसाने सगळं आयुष्य त्या भिंतींत ओतलं होतं.

दिवेलागणीला त्यांना राहवेना. स्वतःच रस्त्यावर गेले आणि ओरडले, "कोनी उपाशी हाये काऽऽ?"

स्वयंपाकघरातून शेवंताबाईंचा आवाज आला, "मी हाओ ना जी! सकाळपासून!"