नदीची उडी

मे महिना संपत आला की आमच्या कार्यालयाला पुराची आठवण व्हायची. बाहेर ऊन इतकं, की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं. आणि आम्ही नदीकाठच्या गावांची पावसाळ्याची तयारी तपासायला निघायचो. नव्वदच्या दशकातली सरकारी जीप, पुढे साहेब, मागे मी आणि माझ्या मांडीवर फायली. गावात विचारायचे प्रश्न ठरलेले असायचे. बोट आहे का? आहे. दोरखंड? आहेत. पोहणारी माणसं? आमच्या गावात पोहता न येणारा माणूस दाखवा, असं सरपंच छातीवर हात ठेवून सांगायचे. मग चहा व्हायचा आणि मी फायलीत लिहायचो, यंत्रणा सज्ज आहे. या ‘सज्ज’ शब्दाचा मला पुढे पुढे रागच येऊ लागला. वऱ्हाडाचा घोडा सज्ज असतो, त्याला फक्त नाचायचं असतं.

बोट खरंच होती, त्यात खोटं काही नव्हतं. ती पंचायतीच्या मागे पालथी पडलेली असायची आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालायच्या. तिचं इंजिन मात्र मी एवढ्या वर्षांत कधी पाहिलं नाही. ते नेहमी दुरुस्तीला गेलेलं असायचं. कधी येणार म्हणून विचारलं की ग्रामसेवक म्हणायचा, येतंय की. त्याच्या त्या ‘की’वर विश्वास ठेवून आम्ही जीपमध्ये बसायचो.

या गावांपैकी एका गावात माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, दिलेली होती. कुरुंदवाडच्या पुढे, नदी जिथं वळण घेते तिथं. तिचं घर सगळ्यात खालच्या आळीत, पुढचं दार थेट नदीकडे. दारापुढे दगडी पायऱ्या आणि खाली घाट. घराच्या मागे म्हशींचा गोठा, गोठ्यामागे एक ओढा, आणि त्या ओढ्यावरच्या ठेंगण्या फरशी-पुलावरून गावाबाहेर जाणारा एकुलता एक रस्ता. गावात जाताना प्रत्येक वेळी जीप त्या फरशीवरून जायची. उन्हाळ्यात ओढा कोरडा ठणठणीत असायचा, बायका त्यात शेणी वाळत घालायच्या. जीप पुढे येऊन घाटावर थांबायची, साहेब खाली उतरून कमरेवर हात ठेवून नदीकडे बघायचे. पूर नदीतून येतो, त्यामुळे नदीकडे बघितलं की तपासणी झाली.

आमच्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही एका ताटात वाढलेल्या. ओटीला आम्ही उडी म्हणतो. उडी भरायची म्हणजे ओटी भरायची. हे ठाऊक नसलेले एक साहेब एकदा तपासणीला आले होते. पाणी वाढल्यावर गाव काय करतं, असं त्यांनी घाटावर जमलेल्या बायकांना विचारलं. अक्कानं पुढे होऊन सांगितलं की पाणी पायरीला लागलं की आम्ही पहिल्यांदा नदीत उडी भरतो. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. किती बायका, असं त्यांनी मला हळूच विचारलं. मी खुलासा केला तेव्हा सगळा घाट हसला, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले माझे दाजी, अक्काचे यजमान. त्यांचं हसणं पोट धरून असायचं, आणि धरायला पोटही भरपूर होतं.

त्या आळीची समजूत अशी, की नदी पात्राबाहेर आली म्हणजे ती गावाला भेटायला आली. लेक माहेरी यावी तशी. तिला दारातून रिकामी पाठवायची नाही. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या घेऊन सवाष्णींनी तिची उडी भरायची. मग ती समाधानानं परत फिरते. पाणी पहिल्यांदा अक्काच्या पायरीला लागायचं, म्हणून पहिला मान अक्काचा. उडी भरून झाली, आणि तरी पाणी चढतच राहिलं, तर मग जनावरं सोडायची, गाठोडी उचलायची आणि फरशीवरून वरच्या माळाला जायचं. आधी उडी, मग घर सोडायचं. तसं त्यांचं कित्येक पावसाळे निभावून गेलं होतं, आणि आमच्या बोटीपेक्षा त्यांचा त्या पायरीवर जास्त भरवसा होता. मीही त्याच घरातला माणूस, मला त्यात वावगं वाटत नव्हतं.

दोन हजार साल उलटल्यावर सगळ्याला नवी नावं आली. आपत्ती व्यवस्थापन हा शब्द आला, कार्यालयात संगणक आला, भिंतीवर रंगीत नकाशा लागला आणि गावोगाव पुराची रंगीत तालीम घ्यायची ठरली. आमच्या तालमीला अक्काचंच गाव मिळालं. भोंगा वाजला की लोकांनी नदीपासून लांब जायचं होतं. भोंगा वाजला आणि अख्खं गाव घाटावर आलं, पोरंबाळं खांद्यावर घेऊन. आमच्याकडे पूर बघायला जायचीच रीत आहे, त्यात त्यांचं काय चुकलं? अहवालात मात्र ‘ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ असं गेलं. बुडणारा माणूस म्हणून दाजींना उभं केलं होतं. गुडघाभर पाण्यात ते हात वर करून ओरडत होते आणि मध्येच हसत होते. चौघांनी मिळून त्यांना बोटीत ओढलं तेव्हा बोट कलंडता कलंडता राहिली. पुढे प्रत्येक लग्नाकार्यात ते सांगायचे, “मला सरकारनं एकदा वाचीवलंय, आता काळजी न्हाय.” आम्ही हसायचो. आता कुठल्या लग्नात ते वाक्य निघालं की मी उठून बाहेर जातो.

तालमीनंतर काही वर्षांनी एका पावसाळ्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मी शहरात, नियंत्रण कक्षात बसलो होतो. नियंत्रण कक्ष म्हणजे एक टेबल, फोन, आणि वरून ठिबकणाऱ्या छताखाली ठेवलेली बादली. कुठं किती पाणी चढलं ते ऐकायचं आणि वर कळवायचं, एवढंच आमचं नियंत्रण. सकाळपासून नदी चढतेय असं कळत होतं. मी अक्काला फोन लावला आणि सांगितलं की आत्ताच्या आत्ता निघा, शहरात राजारामपुरीत माझ्याकडे या, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, तिथं नदी येत नाही. ती माझ्यावरच चिडली.

“पावणी दारात यायच्या आदीच दार लावून जायाचं व्हय रं? पाणी अजून लांब हाय. पायरीला लागलं की उडी भरते आन् निघतो. ताट करून ठेवलंय.”

मी आवाज चढवला. मागून दाजींचा आवाज आला, साहेबाला सांग, बोट पाठवून दे, मला सवय हाय. आणि ते हसले. थोड्या वेळानं मी परत फोन लावला तर लागला नाही. मग मी त्या गावच्या तयारीचं पान काढून बोटीसाठी फोन करत बसलो. बोट घाटावर बांधलेली होती. इंजिन दुरुस्तीला गेलेलं होतं.

पुढचं सगळं अक्कानं मला नंतर सांगितलं. ती ताट घेऊन पुढच्या दारात उभी होती. पाणी खालच्या पायऱ्या चढत होतं, पण वरची पायरी कोरडी होती. दाजी म्हशींना वैरण टाकायला मागे गोठ्यात गेले होते. नदीला खाली कुठंतरी फुगवटा आला होता आणि तिचं पाणी ओढ्यातून उलटं चढत होतं. समोर सगळे पायरीकडे डोळे लावून बसले असताना मागे फरशी कधीच बुडाली होती आणि रस्ता बंद झाला होता. ओढ्याचं पाणी गोठ्यात शिरलं. दाजींनी कोयत्यानं म्हशींची दावी तोडली, आणि भिजलेली मातीची भिंत त्यांच्यावर बसली. अक्काला भिंत पडल्याचा आवाज आला. तिला वाटलं, नदीच आली. म्हणून ती पुढेच बघत राहिली.

“पायरी कोरडी हुती की रं,” ती मला सारखं एवढंच सांगत होती. “मी म्होरं बघत हुते. पायरी कोरडी हुती.”

आळीतल्या माणसांनी तिला माडीवर चढवलं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुठल्याशा गावच्या बोटीनं बाहेर काढलं. म्हशी पोहत जाऊन शाळेच्या पटांगणात उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्या गळ्यात तुटकी दावी लोंबत होती. दाजी पाणी उतरल्यावर सापडले. मी ओळखायला गेलो. त्याविषयी मला काही लिहायचं नाही.

कार्यालयाच्या अहवालात कारण आलं : वारंवार सूचना देऊनही ग्रामस्थ स्थलांतरास तयार झाले नाहीत. ते वाक्य वाचून माझं डोकं फिरलं. सूचना मी दिली होती, माझ्या पदरच्या फोनवरून, माझ्या बहिणीला. आणि जायचं कुठल्या रस्त्यानं होतं? तो रस्ता आमच्या जीपनं वर्षानुवर्षं तुडवला आणि त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही, ना आम्ही, ना गावानं. गाव पायरी बघत राहिलं, आम्ही नदी बघत राहिलो.

पुढच्या मे महिन्यात तपासणी पुन्हा निघाली. फरशीवर मी जीप थांबवायला सांगितली. साहेब नवे होते. मी त्यांना खाली उतरवलं, ओढा दाखवला, पाणी कसं उलटं चढलं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, खाली वाळत घातलेल्या शेणींकडे पाहिलं आणि म्हणाले, “पण हा तर कोरडा आहे.” मग आम्ही घाटावर गेलो. पंचायतीमागची पालथी बोट नव्या रंगानं चकचकीत होती. त्या वर्षी लिहिण्याचं काम मी दुसऱ्याकडे दिलं, माझ्या हातून तो ‘सज्ज’ शब्द उमटेना.

अक्का त्या पुरापासून आमच्याकडेच राहिली. राजारामपुरीत खाली रिक्षांचा आणि क्लासला जाणाऱ्या पोरांचा गोंगाट असायचा, नदीचा तिथं वाससुद्धा येत नाही. तरी पाऊस लागला की ती सारखी विचारायची, पाणी कुठपतूर आलंय. मी ऑफिसातून येताना आकडा ऐकून यायचो आणि दोन फूट कमी करून सांगायचो.

एकदा असाच पाऊस धरून बसला होता. मी घरी आलो तर अक्का स्वयंपाकघरात ताट लावत होती. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, हिरव्या बांगड्या. माझी बायको गोंधळून बाजूला उभी होती. नदी एवढ्या लांब, आणि ही ताट कुणासाठी लावतेय, हे तिला कळेना. ताट घेऊन पुढच्या दाराकडे जायचं का, असं तिनं विचारलं. अक्कानं मान हलवली आणि मागची गॅलरी दाखवली, जिथं आमची धुण्याची बादली असायची. तिथून खाली फक्त गटार आणि शेजारच्या इमारतीची भिंत दिसते.

“मागल्या दाराला भर,” अक्का म्हणाली. ताट तिनं माझ्या बायकोच्या हातात दिलं, आणि आपले रिकामे हात पदरात घेऊन ती मागे सरकली. “तूच भर बाई. मला आता चालत न्हाय.”